पिकअपचा फ्युएल प्रेशर रेग्युलेटर: बदलायचा की आधी तपासायचा?

भाजीवाला_पिकअप:
मंडळी, जरा सल्ला हवाय. बीएस-४ डिझेल पिकअप आहे, कॉमन रेल इंजिन (दाबाखालचं डिझेल एकाच नळीत, म्हणजे रेलमध्ये, भरून ठेवणारं). पहाटे वाशीच्या एपीएमसीत माल भरायचा आणि घोडबंदर रोडच्या दुकानांना टाकायचा, हा धंदा. रिकामी गाडी मस्त पळते. भरलेली असली की गायमुखच्या चढाला पाय दाबला रे दाबला की दम तुटतो, इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि मग कितीही दाबा, रांगतच चढते. बाजूला घेऊन चावी बंद-चालू केली की परत जशीच्या तशी. पहाटेचा पहिला सेल्फ पण हल्ली लांबतो.

गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी००८७ हा बिघाडाचा कोड निघाला. म्हणाला रेग्युलेटर गेला, टाकून देऊ नवा. शेजारच्या गाळ्यातला म्हणतो रेग्युलेटर कसला, इंजिनात डिझेल फवारणारे नोझल गेलेत, चारही काढ. दोघांचे आकडे ऐकून मी चावी खिशात घातली आणि घरी आलो. हा रेग्युलेटर नक्की करतो काय? आणि तोच गेलाय हे ओळखायचं कसं?

घणसोलीकर:
डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदललास? आधी तो सांग, मग बाकीचं.

पाना_बारा_तेरा:
भाऊ, मी एका अमेरिकन पिकअपचा व्हिडिओ पाहिला. रेलवर एक डबी असते, तिला बारीक रबरी नळी. नळी काढायची, आत इंधनाचा वास आला की रेग्युलेटर गेला समजायचं. दोन स्क्रू, नवीन लावला, संपलं. घरच्या घरी होईल.

तुर्भेकर_फिटर:
पाना भाऊ, व्हिडिओ खोटा नाही, पण तो ह्या गाडीचा नाही. ते पेट्रोल इंजिन. त्यात रेलच्या टोकाला जो रेग्युलेटर असतो त्याच्या आत पडदा आणि स्प्रिंग. पडद्याच्या एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूम. प्रेशर असतं साधारण ३ बार (बार म्हणजे दाबाचं माप), आयडलला, म्हणजे पाय न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, व्हॅक्यूम ओढतो म्हणून अर्ध्या बारने खाली येतं. पडदा फाटला की पेट्रोल त्या नळीतून सरळ मॅनिफोल्डमध्ये. मग काळा धूर, पेट्रोलचा वास, प्लग काळेकुट्ट. म्हणून तो नळीचा वास घ्यायचा प्रकार. आपल्याकडच्या हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत तर हा रेग्युलेटर टाकीत पंपाबरोबरच बसवलेला असतो, रेलवर शोधून सापडणार नाही.

भाजीवाले दादांच्या कॉमन रेलमध्ये आयडललाच अडीचशे-तीनशे बार असतात आणि पूर्ण लोडला गाडीप्रमाणे १,६०० बारच्या आसपास. तिथे रबरी नळी काढून वास घ्यायला जाऊ नका कुणी. तिथला रेग्युलेटर म्हणजे कॉइल असलेला वॉल्व्ह, ईसीएमच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) हुकमावर चालणारा.

मुख्य गोष्ट ही की रेग्युलेटर प्रेशर बनवत नाही. बनवतो पंप. रेग्युलेटर फक्त ठरवतो की किती ठेवायचं आणि किती रिटर्नला, म्हणजे परत टाकीकडे, सोडायचं. म्हणून प्रेशर कमी पडलं की संशय एकट्या रेग्युलेटरवर घेता येत नाही. पंपापर्यंत डिझेलच पोचत नसेल, पंप झिजला असेल, नोझल रिटर्नला ओतत असतील, नाहीतर सेन्सर खोटं बोलत असेल. पी००८७ एवढंच सांगतो की रेलमध्ये मागितलं तेवढं प्रेशर नाही. का नाही, ते कोड सांगत नाही. कोड वाचून पार्ट बदलणारा मिस्त्री तुमच्या पैशाने शिकत असतो.

निवृत्त_वर्कशॉप:
फिटर बरोबर बोलतोय. माझं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलं. आमच्या जुन्या इनलाइन पंपाला ही भानगडच नव्हती. पंप प्रत्येक नोझलला वेगळ्या पाइपने डिझेल ढकलायचा, नोझलची स्प्रिंग ठरवायची कधी उघडायचं. १९९७ पासून मोटारींत कॉमन रेल आली आणि सगळ्या नोझलना एकच भरलेली नळी झाली. ती नळी सतत दाबाखाली. मग दाबावर राखण कुणीतरी करायला हवी ना. कुकरची शिट्टी समजा. वाफ जास्त झाली की शिट्टी उचलते.

तुर्भेकर_फिटर:
काका, शिट्टी ठीक, पण शिट्टीचं वजन ठरलेलं असतं. ह्या वॉल्व्हचं वजन ईसीएम सतत बदलत असतो. कॉइलला करंट सेकंदाला हजारदा चालू-बंद होतो, त्यातला चालूचा वेळ वाढवला की वॉल्व्ह जास्त जोराने मिटतो आणि रेलमध्ये दाब चढतो. चालूचा वेळ कमी केला की डिझेल रिटर्नला जातं. आयडल, चढ, थंड इंजिन, प्रत्येक वेळी दाब वेगळा लागतो. तुम्ही म्हणता तशी खरी शिट्टी काही रेलवर वेगळी असते, सेफ्टीची. ती यांत्रिक. तिचा आणि रेग्युलेटरचा घोळ घालू नये.

निवृत्त_वर्कशॉप:
मान्य. शिट्टी परत घेतो, कुकर ठेवतो :)

रबाळे_एमआयडीसी:
थोडी भर. कॉमन रेलमध्ये "रेग्युलेटर" नावाने दोन वेगळ्या जागांचे पार्ट विकले जातात. एक रेलच्या टोकाला, जास्तीचं डिझेल सोडणारा. दुसरा हाय प्रेशर पंपावर, पंपात डिझेल किती शिरू द्यायचं ते ठरवणारा, ज्याला बरेच जण मीटरिंग वॉल्व्ह म्हणतात. काही गाड्यांत एकच असतो, काहींत दोन्ही. दुकानात जाऊन नुसतं "प्रेशर वॉल्व्ह द्या" म्हटलं की काय हातात पडेल सांगता येत नाही. जुन्यावरचा नंबर वाचून घ्या.

दोघांचा स्वभाव पण उलटा. रेलवरच्याला करंट मिळाला नाही तर तो उघडा राहतो, आतली स्प्रिंग शंभर बारच्या आसपासच दाब धरू शकते, तेवढ्यावर इंजिन चालत नाही. पंपावरचे बरेचसे मीटरिंग वॉल्व्ह करंट नसताना उघडे असतात, म्हणजे पंपात डिझेल पूर्ण शिरतं आणि दाब वर चढतो. म्हणून "कपलर (वायरचा सॉकेट) काढून बघू काय होतं" हा गॅरेजचा आवडता प्रयोग करण्याआधी आपल्याकडे कुठला आहे ते माहीत हवं.

घणसोलीकर:
एवढं कशाला राव. कळंबोलीत भंगारात सेकंडहँड मिळतो. आणायचा, लावून बघायचा. चालली तर चालली.

तुर्भेकर_फिटर:
घणसोलीकर, हेड लाइट नाही तो. काही रेग्युलेटरच्या तोंडाची धातूची धार रेलमध्ये दाबली जाऊनच सील होते, आणि ती एकदाच बसते. एकदा सोडला की परत वापरायचा नाही असं कंपनीच लिहिते. भंगारातला म्हणजे कुणीतरी आधीच सोडलेला. शिवाय त्याच्या आत काय कचरा आहे कोण जाणे. रेलमध्ये कचरा गेला की पुढचा मुक्काम नोझल.

भाजीवाले दादा, स्वतःचे पैसे घालण्याआधी मिस्त्रीकडून एवढं करून घ्या. आधी फिल्टर. खालचा ड्रेन उघडून ग्लासात काढा, पाणी किती ते बघा. फिल्टर ते पंप ह्या लाइनमध्ये पारदर्शक नळीचा तुकडा टाकला तर बुडबुडे दिसतात का ते कळतं. हवा घेत असेल तर वरचा कुठलाही पार्ट बदलून उपयोग नाही. मग चावी चालू, इंजिन बंद, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर स्कॅनरवर रेलचं प्रेशर बघा. जवळपास शून्य दिसायला हवं. तिथेच पन्नास-साठ बार दाखवत असेल तर सेन्सर नाहीतर त्याची वायरिंग. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माल भरून चढाला न्या. बाजूला कुणीतरी स्कॅनर धरून बसा. मागितलेलं प्रेशर आणि खरं प्रेशर, दोन्ही आकडे एकत्र बघा. आयडलला बघून काही कळणार नाही, आयडलला सगळेच साधू.

सीएनजी_ताई:
आमच्या खारघरच्या डब्यांच्या धंद्याची गाडी सीएनजीवर आहे. तिच्यातही रेग्युलेटरच म्हणतात ना? तोच का हा?

रबाळे_एमआयडीसी:
नाव एक, काम वेगळं, ताई. तुमच्याकडे सिलिंडरमध्ये भरल्यावर २०० बारच्या आसपास गॅस असतो आणि रेग्युलेटर, ज्याला रिड्यूसर पण म्हणतात, तो दाब उतरवून इंजेक्टरला थोडे बार देतो. दाब उतरताना गॅस खूप थंड होतो म्हणून इंजिनचं गरम पाणी त्यातून फिरवतात. कूलंट कमी असला की रेग्युलेटर गोठतो आणि गाडी मिसिंग करते. त्यात साचलेलं तेल अधूनमधून काढून घ्या. दर तीन वर्षांची सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) सोडू नका. आणि तो रेग्युलेटर कुणी घरी उघडायला सांगितलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सीएनजी_ताई:
धन्यवाद. कूलंट बघते आजच.

भाजीवाला_पिकअप:
करून आलो. ठाण्यात वागळे इस्टेटला एक ओळखीचे मेकॅनिक आहेत, त्यांना हा धागाच वाचायला दिला. हसले, पण सगळं केलं.

फिल्टरच्या ड्रेनमधून पाणी निघालं, ग्लासाच्या तळाशी डिझेलखाली स्वच्छ वेगळा थर दिसत होता. फिल्टर नवा टाकला. बुडबुडे नाहीत. चावी चालू, इंजिन बंद, प्रेशर शून्याजवळ. आयडलला मागितलं २८०, मिळालं २७५, इकडेतिकडे थोडं हलत होतं. मग कांदा भरून गायमुखला गेलो, मेकॅनिकचा पोरगा बाजूला स्कॅनर घेऊन. दिवा लागायच्या आधी मागणी १,३०० आणि मिळत होते ७८० च्या आसपास. फिल्टर बदलून पण तेच.

पोरगा म्हणाला, रेग्युलेटरची ड्यूटी (करंट चालूचा वेळ) बघा, वाढत वाढत जातेय तरी प्रेशर चढत नाही. म्हणजे काय?

तुर्भेकर_फिटर:
म्हणजे ईसीएम मिटायला सांगतोय, आणखी मीट आणखी मीट म्हणतोय, आणि दाब तरी बसत नाहीये. आता तीनच जागा उरल्या. पंप पुरेसं देत नाही, नोझल रिटर्नला सोडतात, किंवा रेग्युलेटर मिटल्यावर पण गळतो. तुमच्या शेजारच्या गाळेवाल्याचा संशय इथे बसतो, म्हणून नोझलची रिटर्न टेस्ट आधी. चारही रिटर्न पाइप वेगवेगळ्या सारख्या बाटल्यांत सोडायचे, इंजिन ठराविक वेळ चालवायचं, मग बाटल्या शेजारी शेजारी ठेवायच्या. एखादी बाटली बाकीच्यांपेक्षा भसाभस भरली की तो नोझल.

सगळ्या सारख्या असतील तर रेलच्या रेग्युलेटरचा रिटर्न वेगळा काढून बाटलीत. सेल्फ मारताना ईसीएम त्याला मिटवून ठेवतो, म्हणजे तिथून जेमतेम थेंब यावेत. धार लागली की तोच तुमचा चोर. पहाटेचा सेल्फ लांबतो म्हणालात ना, ते पण ह्याच्याशी जुळतं, सुरू व्हायला रेलमध्ये ठरावीक दाब जमावा लागतो आणि जमवलेलं डिझेल मागून निसटतंय.

निवृत्त_वर्कशॉप:
आणि हे सगळं करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपच्या नटला हात नाही. गळती कुठे ते बोटाने बघायचं नाही, पुठ्ठा फिरवायचा. हजार बारची धार दिसतही नाही, कातडीतून आत घुसते. वर टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही सुरुवातीला, म्हणून माणूस घरी जातो. घरी जायचं नाही. सरळ हॉस्पिटल, आणि डॉक्टरला सांगायचं की डिझेल प्रेशरने आत गेलंय. बोट, हात जातो ह्यात.

भाजीवाला_पिकअप:
काका, मेकॅनिकने पोराला हे मोठ्याने वाचून दाखवायला लावलं.

रिझल्ट: चारही बाटल्या जवळपास सारख्या. रेलच्या रेग्युलेटरच्या रिटर्नमधून सेल्फ मारताना सरळ धार. बाटली तळाशी लगेच भरायला लागली. कॉइल मीटरने बघितली, ओहम मोजकेच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत. म्हणजे विजेच्या बाजूने ठीक, वॉल्व्हच नीट बसत नाही. नवा मागवला, डब्यावरचा नंबर जुन्याशी जुळवून. उद्या बसवतायत. बघायचं काय मी?

तुर्भेकर_फिटर:
बघा एवढंच की घाई होत नाही. इंजिन बंद करून गाडी थंड होऊ द्यायची, रेलचं प्रेशर स्कॅनरवर खाली आल्याशिवाय पाना लावायचा नाही. बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा. मग सोडण्याआधी आजूबाजूची सगळी जागा क्लीनर मारून, हवेने साफ. हे काम निम्म्या गॅरेजांत होत नाही आणि नवा पार्ट दोन महिन्यांत जातो तो ह्याच्यामुळे. वाशीच्या मार्केटमधली माती, मिरचीचा बुकणा, सगळं इंजिनवर चिकटलेलं असतं. जुना निघाला की भोकाला लगेच झाकण, आणि जुन्याचं टोक पांढऱ्या कापडावर पुसायचं. चकाकणारे धातूचे कण दिसले तर थांबायचं. ते कण पंपाचे. पंप आतून झिजून सगळीकडे कचरा पाठवतोय, मग नवा रेग्युलेटर, नवे नोझल, काही टिकणार नाही, टाकी ते नोझल सगळी लाइन बघावी लागते.

कण नसतील तर पुढे. नवी ओ-रिंग, नवा वॉशर, ओ-रिंगला स्वच्छ डिझेलचा हात. ग्रीस नाही, सिलिकॉन तर अजिबात नाही. बोल्ट हाताने लावून मग मॅन्युअलच्या टॉर्कला (आवळायच्या जोराच्या मापाला), टप्प्याटप्प्याने, एक पूर्ण आवळून मग दुसरा असं नाही. "हाताला कळतं" म्हणणाऱ्याच्या हातात टॉर्क रेंच द्या. कपलर टच्‌ आवाज करून बसला पाहिजे. मग फिल्टरवरचा हँड पंप घट्ट होईपर्यंत मारायचा, कोरडा सेल्फ मारत बसायचं नाही, हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच असतं.

शेवटी कोड पुसायचा, आणि तुमच्या गाडीला लागत असेल तर स्कॅनरमधून अडॅप्टेशन रिसेट. जुना रेग्युलेटर गळत असताना ईसीएमने जुळवून घेतलेलं असतं, नव्यासोबत काही गाड्या सुरुवातीला आयडलला हंट करतात, म्हणजे इंजिनचा वेग वरखाली होत राहतो.

पाना_बारा_तेरा:
एक शंका. नवा पार्ट ओरिजिनल आहे का कसं ओळखायचं? बाजारात डबा तोच, आत भलतंच.

रबाळे_एमआयडीसी:
डबा बघू नका, पार्ट बघा. अंगावरचा नंबर लेझरने कोरलेला आणि डब्यावरच्याशी जुळणारा हवा, तोंडाला प्लास्टिकची टोपी घट्ट हवी, आत तेलाचा ओलावा. टोपी सैल आणि पार्ट कोरडाठाक असेल तर परत द्या. आणि पक्कं बिल घ्या, वॉरंटी बिलावर असते, दुकानदाराच्या तोंडावर नाही.

भाजीवाला_पिकअप:
बसला. पांढऱ्या कापडावर धातूचे कण नव्हते, पण जुन्याच्या टोकाला तांबूस डाग होते, गंजासारखे. मेकॅनिक म्हणाले पाण्याचं काम. भरून चढाला नेली, मागणी १,३०० आणि मिळत होते १,२९०, पाय दाबून धरला तरी हलेना. सेल्फ पण अर्ध्या किल्लीत. नोझलचे पैसे वाचले त्यात बायकोला एक साडी आणि मला मेकॅनिककडे उधारी नाही.

तुर्भेकर_फिटर:
तांबूस डाग म्हणजे पाणीच. पावसाळ्यात ड्रेन आठवड्याला उघडा. टाकीचं झाकण, त्याचं रबर पण बघा. आणि टाकी तळाला येईपर्यंत चालवायची सवय असेल तर सोडा, तळाचं पाणी आणि गाळ तेव्हाच ओढला जातो.

कल्याणफाटा_टेम्पो:
दादा लोक, माझ्या गाडीला पी००८८ येतोय. हाच रेग्युलेटर बदलू का?

तुर्भेकर_फिटर:
०८८ म्हणजे प्रेशर जास्त, हा उलटा आजार. रिटर्न लाइन चेपली गेलीय का आणि पंपावरचा मीटरिंग वॉल्व्ह अडकलाय का, तिथून सुरुवात करा. वेगळा धागा काढा, आणि लोडवरचे दोन्ही आकडे स्कॅनरच्या फोटोसकट टाका. नुसता कोड टाकलात तर मी काही बोलणार नाही.